पे-स्लिपवरचे २०० रुपये

आपल्या पे-स्लिपमध्ये एक ओळ असते जी कोणीच वाचत नाही. डावीकडे बेसिक, एचआरए, स्पेशल अलाउन्स असे आकडे असतात, ते आपण दर महिन्याला डोळे भरून बघतो. उजवीकडे कापाकापी. पीएफ कळतो, टीडीएस तर फारच कळतो. आणि त्या दोघांच्या मधे अंग चोरून बसलेला असतो 'प्रोफेशनल टॅक्स : २००'. अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे बरोबर २५००. नोकरीला लागल्यापासून मी हा कर भरतोय आणि तो कशासाठी कापतात हे मला परवा-परवापर्यंत माहीत नव्हतं. ते कळलं चारठाण्यात, आजीच्या ओसरीवर, आणि तेही राज्यघटनेच्या गप्पांमधून. कसं ते सांगतो, पण वळसा जरा लांबचा आहे.

चारठाणा हे माझं आजोळ. परभणी जिल्हा, तालुका जिंतूर. जालन्याहून मंठा करत जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. मराठवाड्याबाहेरच्या कोणाला हे नाव ठाऊक असेल तर तिथल्या हेमाडपंती देवळांमुळे, बारवेमुळे आणि त्या एकट्या उभ्या कोरीव स्तंभामुळे. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी एकदा जाऊन याच. देवळांवर स्वतंत्र लिहायचं कधीपासून मनात आहे, पण आज तो विषय नाही.

तर, जोडून सुट्टी आली म्हणून गावी गेलो होतो. माझा मामेभाऊ परभणीला रूम करून एमपीएससीचा अभ्यास करतो, तोही आलेला. (मराठवाड्यात हल्ली दर तिसऱ्या घरात एक एमपीएससीवाला असतो, आमच्या घरात हा.) त्याने पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "दादा, कुठूनही विचार." मी विचारलं, मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वं यांत फरक काय?

गडी सुरूच झाला. हक्क भाग तीनमध्ये, कलम १२ ते ३५. तत्त्वं भाग चारमध्ये, कलम ३६ ते ५१. हक्क मोडला तर थेट सुप्रीम कोर्टात जाता येतं, कलम ३२. तत्त्वं सरकारने पाळली नाहीत तर कोर्ट काही करू शकत नाही, तसं कलम ३७ मध्येच लिहून ठेवलंय. हक्क सरकारला 'हे करू नको' म्हणतात, तत्त्वं 'हे कर' म्हणतात. कल्पना आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेवरून घेतली. पैकीच्या पैकी मार्क.

"उदाहरण दे."

"कलम ४१. कामाचा हक्क. घटनेत आहे, पण मागता येत नाही."

आजी शेजारी तुरी निवडत बसली होती. तिने मान वर न करता म्हटलं, "मागता येत न्हाई कसं? आम्ही मागितलं व्हतं की. पावती बी भेटली व्हती."

भाऊ हसला. "आजी, ते वेगळं गं. हे घटनेतलं आहे." आजीनेही विषय सोडून दिला. माझ्या डोक्यातून मात्र तो जाईना. पुण्याला परत आलो, दोन-तीन वीकेंड वाचन केलं, आजीला फोन करून करून भंडावून सोडलं, आणि माझं मत असं झालं की त्या दिवशी दोघांचंही बरोबर होतं. घटनेत तो हक्क मागता येत नाही. महाराष्ट्रात तो मागता येत होता. या दोन वाक्यांच्या मधे जे घडलं ते शाळेच्या नागरिकशास्त्रात मला कोणी शिकवलं नाही.

सुरुवात संविधान सभेपासून करू. आपल्याला वाटतं की मार्गदर्शक तत्त्वं म्हणजे आधीपासूनच वेगळी काढलेली सद्भावनेची यादी. तसं नाहीये. १९४७ च्या सुरुवातीला हक्कांचे मसुदे तयार होत होते तेव्हा सगळ्या मागण्या एकाच ढिगात होत्या. बी. एन. राव हे सभेचे सल्लागार. त्यांनी सुचवलं की दोन भाग करा, कोर्टात नेता येतील असे आणि नेता येणार नाहीत असे. त्याच एप्रिलमध्ये मोफत प्राथमिक शिक्षण पहिल्या यादीतून उचलून दुसऱ्या यादीत टाकलं गेलं. आपल्या भाषेत सांगायचं तर रिलीजच्या आधी स्कोपमधून बाहेर. कारण तेच, नेहमीचं : एवढा पैसा आणायचा कुठून आणि उद्या कोणी कोर्टात गेलं तर?

बाबासाहेबांचं मूळ म्हणणं तर याहून खूप पुढचं होतं. मार्च १९४७ मध्ये त्यांनी उपसमितीला जे निवेदन दिलं ('स्टेट्स अँड मायनॉरिटीज' नावाने ते प्रसिद्ध आहे) त्यात शेती आणि मुख्य उद्योग सरकारी मालकीचे करावेत आणि हे घटनेतच पक्कं करावं अशी मागणी होती, म्हणजे पुढच्या कुठल्याही बहुमताला ते सहजी पुसता येऊ नये. ते काही झालं नाही. पुढे मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून या मवाळ भाग चारची बाजू त्यांनाच मांडावी लागली. नोव्हेंबर १९४८ मध्ये त्यांनी सभेत सांगितलं ते साधारण असं : कोर्टात जाता येत नाही हे खरं, पण सत्तेवर येणाऱ्याला ही तत्त्वं डावलून चालणार नाही, निवडणुकीत लोकांना उत्तर द्यावं लागेल.

सगळ्यांना ते पटलं नव्हतं. के. टी. शहा म्हणून एक अर्थतज्ज्ञ सभासद होते, मुंबई विद्यापीठात शिकवलेले. ते म्हणाले की हा म्हणजे असा चेक झाला जो बँकेला जमेल तेव्हा वटणार. टी. टी. कृष्णमाचारींनी तर या भागाला भावनांची कचराकुंडी म्हटलं. मला शहांची उपमा जास्त आवडली, कारण त्यात उपायही दडलेला आहे. चेक वटत नसेल तर खात्यात पैसे भरा! ते कोणी भरले, हे पुढे येईलच.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. ही चर्चा १९ नोव्हेंबर १९४८ ला सुरू झाली. हैदराबाद संस्थान भारतात येऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते (१७ सप्टेंबर). परभणी जिल्हा त्या संस्थानात. संविधान सभेत हैदराबादतर्फे एकही माणूस बसला नाही, शेवटपर्यंत नाही. आपल्या मराठवाड्याला घटना मिळाली ती निजामाच्या नोव्हेंबर १९४९ च्या फर्मानाने, आणि २६ जानेवारी १९५० ला तोच निजाम आमचा राजप्रमुख झाला. आजीच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी १९५० आहे. तारीख अर्थातच अंदाजपंचे, शाळेत नाव न घातलेल्या तिच्या पिढीत सगळ्यांचाच जन्म १ जानेवारीचा. पण कार्डाप्रमाणे ती राज्यघटनेहून पंचवीस दिवसांनी मोठी.

आता थेट १९७२ ला जाऊ. लागोपाठ तिसरं वर्ष पाऊस बुडालेला. आजी तेव्हा बावीस-तेवीसची, पदरात दोन पोरं, माझी आई त्यातली धाकटी. दुष्काळी कामं निघाली. आजीला आठवतं ते असं : सकाळी अंधारात निघायचं, दिवसभर खडी फोडायची, ती ब्रासने मोजली जायची, मुकादमाच्या मस्टरवर अंगठा उठवायचा. अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी, जिची भाकरी थापली तर धड थापली जायची नाही. पोरांना सुकडी. "सुकडीनं तुझी आई जगली," हे तिचं ठरलेलं वाक्य, आईच्या समोर हमखास म्हणायचं.

इकडे दिल्लीत काय चालू होतं? केशवानंद भारती खटला. ३१ ऑक्टोबर १९७२ ला सुनावणी सुरू झाली, ६८ दिवस चालली. १३ न्यायाधीश. प्रश्न संसदेच्या अधिकाराचा होता, पण पोटात भांडण हेच : मार्गदर्शक तत्त्वं राबवायची म्हणून सरकारने मूलभूत हक्क बाजूला सारले तर चालेल का? (या भांडणाची सुरुवात १९५१ ची. चंपकम दोराईराजन खटल्यात कोर्टाने सांगितलं होतं की तत्त्वांनी हक्कांच्या मागून चालायचं. त्यावर लगेच पहिली घटनादुरुस्ती आली. मग जमिनी, मग बँका... एमपीएससीवाल्यांना पाठ असतं, मी थांबतो.) २४ एप्रिल १९७३ ला निकाल लागला, सात विरुद्ध सहा. पुढच्याच महिन्यात, मे १९७३ मध्ये, महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या ५० लाखांच्या आसपास गेली होती. आजी त्या ५० लाखांतली एक.

हे दोन्ही आकडे शेजारी ठेवले तेव्हा मी जरा वेळ नुसता बसून राहिलो. १३ न्यायाधीश आणि ५० लाख मजूर, एकाच उन्हाळ्यात. आणि तिला त्या निकालाचा काही उपयोग नव्हता, कारण तिचं काम ना भाग तीनमध्ये बसत होतं ना कोर्टात जाण्यासारखं होतं. दुष्काळी काम ही सरकारची मदत. इंग्रजांनी १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर संहिता बनवल्या, त्यांचंच हे वळण. सरकारला वाटलं की टंचाई आहे, तर काम सुरू. वाटलं की संपली, तर बंद.

आणि तसंच झालं. १९७३ चा पाऊस पडला, आणि एका सकाळी ती गेली तर कामावर कोणीच नाही. ना मुकादम, ना मस्टर. मी विचारलं, "मग तुम्ही कोणाला विचारलं नाही?"

"कोनाला इचारावं?" ती म्हणाली. "पाऊस पडला म्हनले, जा घरी. पेरलेलं उगवून, पिकून, घरात याला चार महिने लागतात. तवर काय खावं ते न्हाई सांगितलं."

कोणाला विचारावं. मामेभावाच्या पुस्तकात 'अंमलबजावणीयोग्यता' या विषयावर चार पानं आहेत. मुद्दा एवढाच आहे.

आता खात्यात पैसे भरणारा माणूस. वि. स. पागे, सांगली जिल्ह्यातले, १९६० पासून १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती. तासगाव तालुक्यात १९६५ मध्ये त्यांच्या कल्पनेवर एक छोटा प्रयोग झाला होता : गावात जो काम मागेल त्याला काम. पायलट प्रोजेक्टच तो. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी १९७२ मध्ये राज्यभर रोजगार हमी योजना जाहीर केली, पण लगेच दुष्काळाने सगळी यंत्रणाच गिळली आणि दुष्काळी कामांपुढे ती दिसेनाशी झाली. पाऊस पडल्यावर नेहमीसारखं विसरून जाता आलं असतं. पण ५० लाख माणसं कामावर एकत्र येऊन गेली होती, त्यांचे मोर्चे निघाले होते, डाव्या आणि समाजवादी संघटना गावोगाव पोचल्या होत्या. योजना पुन्हा सुरू झाली.

आणि मग १९७५ मध्ये पैशाची सोय झाली. महाराष्ट्र राज्य व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्यांवरील कर अधिनियम, १९७५. होय, तोच. आपला प्रोफेशनल टॅक्स. शहरातल्या पगारदाराकडून, डॉक्टर-वकिलाकडून, दुकानदाराकडून घ्यायचा आणि रोजगार हमीवर खर्च करायचा. जोडीला मोटार वाहन कर, विक्रीकर वगैरेंवर थोडी थोडी वाढ, बागायती जमिनीवर खास आकारणी, आणि या सगळ्यातून जेवढे जमतील तेवढेच पैसे सरकारने आपल्या तिजोरीतून घालायचे. (बंगळूर-कोलकात्याच्या मित्रांनो, प्रोफेशनल टॅक्स तुमचाही कापतात, पण ही गोष्ट महाराष्ट्राची आहे.)

मुंबईकरांनी हे कसं मान्य केलं असेल? मला वाटतं त्यात परोपकार थोडा होता आणि हिशोब जास्त. ७२ ला मराठवाड्यातून, नगर-सोलापुरातून उठून माणसं मुंबई-पुण्याच्या फुटपाथवर आली होती. त्यांना गावातच काम मिळालं तर बरं, हे शहराला पटलं. बागायतदाराला पाझर तलाव आणि रस्ते मिळणार होते. सगळ्यांचं थोडं थोडं भलं होत होतं म्हणूनच ते टिकलं. नुसत्या सद्भावनेवर एवढी वर्षं चालणारा कर मी तरी पाहिलेला नाही.

शेवटी कायदा. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७. अंमलात आला २६ जानेवारी १९७९ ला. तारीख अर्थातच मुद्दाम निवडलेली. कायद्याच्या उद्देशातच कामाच्या हक्काचा उच्चार आहे, म्हणजे थेट कलम ४१ ची भाषा. ग्रामीण भागातल्या कोणाही प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागितलं की १५ दिवसांत द्यायचं. जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यावर. नाही दिलं तर बेकारी भत्ता. भत्ता दिवसाला किमान १ रुपया, म्हणजे चेष्टाच, तरी तत्त्व म्हणून मोठी गोष्ट. दिवसांची मर्यादा नाही, वर्षभर कधीही मागा. बाई आणि पुरुष, दर एकच. आजीला यातलं शेवटचं सगळ्यात जास्त लक्षात आहे. शेतात बाईचा रोज गड्याच्या निम्मा-पाऊण, इथे मोजमापाला सारखा. समान कामाला समान वेतन हे कलम ३९ मधलं आणखी एक मार्गदर्शक तत्त्व, जे तिला टोपल्यातून मिळालं.

आता त्या वर्षांचा मेळ पाहा. १९७५ ते ७७ आणीबाणी. १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की आणीबाणीत जगण्याच्या हक्कासाठीही कोर्टात येता येणार नाही. त्याच वर्षी ४२ वी घटनादुरुस्ती : कुठलंही मार्गदर्शक तत्त्व राबवणारा कायदा असेल तर समानतेच्या, स्वातंत्र्याच्या हक्काखाली त्याला आव्हान देता येणार नाही. म्हणजे दिल्लीत तत्त्वांना हक्कांच्या डोक्यावर बसवलं, आणि त्या बदलामुळे एकाही मजुराला मस्टरवर जागा मिळाली नाही. इकडे मुंबईत त्याच सुमाराला, घटनेच्या एका अक्षराला हात न लावता, एका तत्त्वाचा हक्क झाला. त्यासाठी लागलं काय? मागणारा कोण, द्यायचं कोणी, किती दिवसांत, नाही दिलं तर काय, आणि पैसा कुठून. पाच कॉलमचं एक टेबल. कोणाचाही मूलभूत हक्क कापावा लागला नाही.

४२ व्या दुरुस्तीतला तो भाग १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात गेला. बाजू मांडली मुंबईच्या नानी पालखीवालांनी, निकाल आपल्या पुण्याच्या यशवंतराव चंद्रचूडांच्या खंडपीठाचा. हक्क आणि तत्त्वं यांचा तोल हाच घटनेचा पाया, असं तेव्हा म्हटलं गेलं. तेव्हापासून कोर्टाने वेगळाच रस्ता धरला : तत्त्वं भाग चारमधून उचलायची आणि कलम २१, म्हणजे जगण्याच्या हक्काच्या पोटात वाचायची. १९८५ चा ओल्गा टेलिस खटला आपल्या मुंबईचा. फुटपाथवरच्या झोपड्या १९८१ च्या पावसाळ्यात हटवायला निघाले होते. चंद्रचूडच सरन्यायाधीश. ते म्हणाले की उपजीविका हिरावली तर जीवन हिरावलं, म्हणून उपजीविकेचा हक्क कलम २१ मध्ये आहे, आणि त्यासाठी कलम ३९ आणि ४१ चा आधार घेतला. निकाल वाचताना अंगावर काटा येतो. शेवटी मात्र झोपड्या हटवायला परवानगी मिळाली, फक्त पावसाळा संपेपर्यंत थांबा म्हणाले. हक्क जिंकला आणि घर गेलं. वकील मित्र म्हणतात की हा निकाल फार मोठा आहे, आणि असेलही. मला मात्र पागेंचं टेबल जास्त भरवशाचं वाटतं.

डेडलाइनचा विषय निघालाच आहे तर शिक्षणाचंही सांगतो, कारण प्रत्येक सॉफ्टवेअरवाल्याला हे आवडेल. भाग चारमध्ये मुदत घातलेलं एकच कलम होतं, ४५ : चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण, दहा वर्षांत. म्हणजे ड्यू डेट २६ जानेवारी १९६०. प्रत्यक्ष २००२ मध्ये ८६ वी दुरुस्ती करून कलम २१-अ आलं, २००९ मध्ये कायदा, आणि अंमल १ एप्रिल २०१० पासून. तोही फक्त ६ ते १४ वयासाठी. डिले ५० वर्षं. आमच्या क्लायंटने ऐकलं तर आमच्यावरचा राग जरा कमी होईल.

एक शंका मला स्वतःलाच येत होती, तुम्हालाही आली असेल. हक्कांना पैसा लागत नाही आणि तत्त्वांना लागतो, म्हणून हा भेद बरोबरच नाही का? मीही तसंच समजायचो. पण निवडणुका, पोलिस, कोर्टं, तुरुंग हे सगळं काय फुकटात चालतं? माझ्या मालमत्तेचं रक्षण करायला सरकार दरवर्षी खर्च करतं, त्याला कोणी योजना म्हणत नाही. आजीच्या १५ दिवसांना म्हणतात.

बरं, हे सगळं गोड गोड झालं. आता आजीची पावती.

वर्ष तिला नक्की आठवत नाही. मोठा मामा सातवीत होता म्हणजे ८२-८३ असावं. उन्हाळा, हाताला काम नाही. गल्लीतल्या वीस-बावीस बायकांचे अर्ज एका मास्तरांनी लिहून दिले. कचेरीतल्या माणसाने अर्ज ठेवून घेतले आणि पावती द्यायला नकार दिला. कारण उघड आहे, पावतीवर तारीख आली की १५ दिवसांचं घड्याळ सुरू होतं. टाइमस्टॅम्पच नसेल तर कसला भंग! मास्तरांनी बायकांना एवढंच शिकवलं होतं : कागद हातात आल्याशिवाय उठायचं नाही. त्या उठल्या नाहीत. दुपार कलल्यावर पावत्या मिळाल्या. बाराव्या दिवशी काम निघालं, शेजारच्या शिवारात, नाला बंडिंगचं.

पुढचं ऐकून फार खूश होऊ नका. मजुरी मोजमापावर. खणलेला कठीण मुरूम वहीत मऊ माती म्हणून लागला की रोज निम्मा. तसं झालं. पैसे आठवड्याला मिळायचे ते तीन आठवड्यांनी मिळाले. सावली, पाणी, पोरांसाठी पाळणाघर हे सगळं नियमात होतं, झाडाखाली नव्हतं. बेकारी भत्ता आजीच्या ओळखीत कोणालाच कधी मिळाला नाही, आणि अभ्यासकही हेच सांगतात की तो जवळपास कोणालाच मिळाला नाही. खोट्या मस्टरांची प्रकरणं तर सगळ्यांना माहीत आहेत. १९९० नंतर योजनेत फळबागा आणि विहिरी आल्या, त्यांचा फायदा ज्याच्याकडे जमीन आहे त्याला. पुढे तर आपला कर जमत राहिला आणि त्यातला बराच पैसा रोजगार हमीवर खर्चच झाला नाही.

तरी मी आजीला विचारलं, "मग ७२ आणि हे, फरक काय पडला? त्रास तर दोन्हीकडे होता."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "तवा आम्ही वाट बघत व्हतो. ह्या टायमाला त्यो वाट बघत व्हता, आम्ही कधी उठतो म्हून."

२००५ मध्ये हाच कायदा देशभर गेला, नरेगा म्हणून. मूळ महाराष्ट्राचं असलं तरी त्यात १०० दिवसांची मर्यादा आली, आणि मजुरीचा बहुतेक भार केंद्राने उचलला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याची जागा घेणारा नवा कायदा मंजूर केला. दिवस १२५ झाले, हे सगळ्या बातम्यांच्या मथळ्यात होतं. आतल्या पानावर हेही होतं की बहुतेक राज्यांना खर्चाचा ४० टक्के वाटा उचलावा लागेल, कोणत्या राज्याला किती रक्कम हे केंद्र आधी ठरवेल आणि त्यावरचा खर्च राज्याने करायचा, आणि शेतीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत कामं बंद ठेवता येतील. कोणी याला सुधारणा म्हणतं, कोणी मोडतोड. मी टेबल काढून बसलो. दिवसांचा आकडा वाढलाय हे खरं. पण 'पैसा कुठून' हा कॉलम आधी ठरलेल्या आकड्यावर थांबत असेल, तर मागणाऱ्याच्या पावतीचं काय होतं? आकडा संपल्यावर आलेल्या बाईला काय सांगायचं? शहांचा तो चेक मला पुन्हा दिसायला लागला, बँकेच्या सोयीने वटणारा. राज्यं आपला वाटा भरतील, पूर्ण भरतील, तर माझी भीती खोटी ठरेल. ठरावी.

मागच्या शनिवारी पुन्हा चारठाण्याला गेलो होतो. आजीला मोबाइलवर पे-स्लिप उघडून दाखवली, ती ओळ मोठी करून. हे पैसे १९७५ पासून तुमच्या कामासाठी म्हणून कापतात, म्हटलं.

"तुझ्या पगारातून?"

"हो. महिन्याला दोनशे."

"पगार किती?"

सांगितला. आजीने स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "दोनशेच?"

मामेभाऊ इतका हसला की त्याच्या हातातलं पुस्तक पडलं. मग त्यानेच विचारलं, "दादा, पण परीक्षेत काय लिहू? कामाचा हक्क मागता येतो का येत नाही?" परीक्षेत 'येत नाही'च लिही म्हणालो, निगेटिव्ह मार्किंग आहे बाबा. पुढचा प्रश्न कलम ४९ वर होता, राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचं जतन. हेही मार्गदर्शक तत्त्वच. ऊन उतरलं होतं, म्हणून पुस्तक तिथेच पालथं घालून आम्ही दोघं स्तंभाकडे फिरायला गेलो.